अलीकडच्या खरेदीत माझ्याकडून पहिला नंबर घरघंटीला, म्हणजे घरगुती पिठाच्या चक्कीला. तुमचं मत?

शाळूची भाकरी (विश्रामबाग, सांगली)

गेल्या वर्षा-दोन वर्षांत घरात बऱ्याच वस्तू आल्या. दोन खोल्यांत कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे बसवले, इंडक्शन शेगडी घेतली, फरशी पुसायला फिरकीचा मॉप आणला. सगळ्या कामाला येतात. पण रोजच्या ताटात फरक पडला तो एकाच वस्तूने, घरघंटीने.

आमच्याकडे दोन्ही वेळेला भाकरी असते. जोंधळ्याच्या पिठाला गव्हासारखा स्वतःचा चिवटपणा नसतो. सगळा भरवसा कढत पाण्यावर आणि पिठाच्या ताजेपणावर. परातीत पीठ घ्यायचं, मध्ये आळं करून कढत पाणी ओतायचं, आधी उलथन्याने हलवायचं आणि हाताला सोसेल तसं तळव्याने रगडायचं. पीठ ताजं असेल तर थापताना काठाला चीर पडत नाही, भाकरी तळहातावर अल्लद उचलली जाते आणि निखाऱ्यावर किंवा गॅसवर धरली की टम्म फुगते. पीठ जुनं होऊन त्याची विरी गेली की तीच बाई, तोच तवा, तेच पाणी, पण भाकरी परातीतच मोडते. गिरणीत आम्ही डबाभर दळप टाकायचो, कारण रोज कोण जाणार? मग डब्याच्या तळाशी जाईपर्यंत पीठ जुनं. बाजरीची तर आणखी पंचाईत. तिच्यात तेल जास्त, पीठ आठवड्यात कडवट लागायला लागतं. आता मी एका वेळेला दोन-तीन किलोच दळते आणि तेवढं संपल्याशिवाय पुन्हा दळत नाही.

दुसरं म्हणजे सासूबाईंना नाचणी लागते, उपवासाला राजगिऱ्याचं पीठ लागतं. गिरणीत आधीच्याचं गव्हाचं दळण झालेलं असलं की ते थोडं आपल्यात येणारच. उपवासाच्या पिठात ते चालत नाही.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. ज्या घरात रोज भाकरी होते त्या घराने मोठा टीव्ही किंवा नवा सोफा घेण्याआधी घरघंटीचा विचार करावा. पटत नसेल तर कारणासह लिहा.

हिशेबी मिरजकर

पटत नाही. कारण साधं गणित.

चार-पाच माणसांच्या घराला महिन्याला साधारण ३० किलो दळण लागतं. आमच्याकडे गिरणीत किलोला ६ रुपये घेतात, म्हणजे १८० रुपये. घरघंटीची मोटर एक हॉर्सपॉवर, म्हणजे सुमारे ७५० वॅट. तासाला साडेसात किलो दळलं असं धरलं तर किलोमागे ०.१ युनिट. युनिटला १० रुपये धरा, किलोला १ रुपया. म्हणजे महिन्याला ३० रुपये वीज आणि १५० रुपयांची बचत. वर्षाला १,८०० रुपये. यंत्र २० हजारांचं असेल तर पैसे वसूल व्हायला ११ वर्षं लागतात, आणि त्यात जाळी बदलणं, पातं बदलणं, दुरुस्ती काहीच धरलेलं नाही. शिवाय स्वयंपाकघरातली दोन फूट जागा कायमची गेली.

याउलट बीएलडीसी पंखा बघा, ज्याला तुम्ही एका ओळीत उरकलंत. जुना पंखा ७५ वॅट खातो, हा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला पंधरा तास चालला तरी एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात. तीन हजारांचा पंखा दीड वर्षात पैसे फेडतो आणि पुढे नुसता फायदा. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टारचं लेबल सक्तीचं झालंय, त्यामुळे दुकानात उभं राहून तुलनाही करता येते. घरासाठी खर्च करायचाच असेल तर आधी इथे करा.

शाळूची भाकरी

गणित बरोबर आहे, त्यात मी काही खोडून काढणार नाही. पण मी ती पैसे वाचवायला घेतलीच नव्हती. पंखा वीज वाचवतो, घरघंटी जेवण सुधारते. मोडलेल्या भाकरीचे पैसे हिशेबात कुठे धरायचे? म्हातारी माणसं दात नसताना मऊ भाकरी दुधात कुस्करून पोटभर जेवतात, त्याला मी किंमत देते. पंखे मात्र खरंच चांगले आहेत, त्याबद्दल वाद नाही.

नोकरदार सून (कुपवाड)

मला हिशेबापेक्षा वेगळी गोष्ट बोलायची आहे आणि ती कोणी बोलत नाही.

गिरणीत दळण टाकायचं काम आपल्याकडे घरातल्या बाप्यांचं किंवा पोरांचं असतं. सायकलवर डबा अडकवायचा, टाकून यायचं, संध्याकाळी आणायचा. स्वयंपाकघराशी संबंधित असं हे एकच काम मी पुरुषांना वर्षानुवर्षं, न सांगता करताना बघितलंय. घरघंटी आली की ते काम घरात येतं. घरात आलं की बाईचं होतं. धान्य निवडणं तिचं होतंच, आता जाळी बदलणं, दळण लावून कान तिकडे ठेवणं, दळून झाल्यावर आतलं पीठ ब्रशने झाडणं, ओट्यावर आणि मिक्सरवर बसलेली पिठाची भुकटी पुसणं, हेही तिचंच. माझ्या माहेरी हेच झालं. बाबा आधी दर रविवारी डबा घेऊन जायचे, आता त्या वेळेत पेपर वाचतात आणि आई घरघंटीसमोर उभी असते. वस्तू चांगली आहे, पण तिने कष्ट कमी केले नाहीत, एका अंगावरून दुसऱ्या अंगावर टाकले. सोय झाली म्हणताना कोणाची, ते बघायला हवं.

जतचा शेतकरी

ताईंचं म्हणणं खरं आहे पण तो दोष यंत्राचा न्हाई. आमच्यात घरघंटी माझ्या ताब्यात आहे. दळप मीच करतो. बायकोनं पहिल्या दिवशीच सांगितलं, आणायची हौस तुमची तर चालवायचंबी तुम्हीच.

घेणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. शाळू उन्हाळ्यात वर्षाचा भरताना कडक वाळवा. ओलसर दाणा जाळीत लपका धरतो, मोटर तापते, आणि लोक यंत्राला नावं ठेवतात. खडा आणि काडी जाता कामा न्हाई. ती आत पात्यावर बसते. मालदांडी शाळूला बारीक जाळी लावा, लापशीला जाड. शेंगदाणे, तीळ, सोयाबीन असलं तेलकट काही टाकू नका, आत लगदा होतो. हळकुंडं आणि मिरची तर अजिबात न्हाई, त्याला कांडपच पाहिजे. आणि लाइट गेली की आधी वरची झडप बंद करा, आत अडकलेलं धान्य काढा, मगच परत चालू करा. भरल्या पोटी मोटर उचलत न्हाई.

आमच्या भागात गावापासून गिरणी लांब, उन्हात डबा घेऊन कुठं जायचं? मिरजेतल्या गल्लीचा हिशेब वस्तीवरल्या माणसाला लागू पडत न्हाई.

गावभागकर (सांगली)

सांगलीच्या धाग्यावर पुराचा विषय अजून कसा निघाला नाही?

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट. आमचं घर तळमजल्याला. फ्रिज, धुण्याचं यंत्र, कपाट, सगळं पाण्यात गेलं. पाणी ओसरल्यावर गल्लीत गाळाने भरलेल्या मोटरी आणि फुगलेल्या गाद्यांचे ढीग पडले होते. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तीच धावपळ. तेव्हापासून आमच्या घरात कुठलीही वस्तू घ्यायची झाली की पहिला प्रश्न, ही दोन माणसांना जिन्याने वर नेता येईल का? मिक्सर येतो, शेगडी येते, पंखा तर छतालाच असतो. घरघंटी चाळीस-पन्नास किलोची, खाली मोटर. चाकं आहेत म्हणतात, पण चाकं जिना चढत नाहीत. विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला ती सोयीची असेल, नदीकाठच्या तळमजल्याला नाही.

आमची गेल्या काही वर्षांतली सगळ्यात कामाची खरेदी सांगू? झाकणाला रबर असलेले मोठे प्लॅस्टिकचे डबे. कागदपत्रं, शाळेचे दाखले, दागिन्यांच्या पावत्या, औषधं त्यात. इशारा आला की डबे उचलायचे आणि निघायचं. पावसाळ्यात झोप लागते ती त्यांच्यामुळे.

शाळूची भाकरी

गावभागकर, हा मुद्दा मनापासून मान्य. आमच्या इमारतीपर्यंत पाणी आलं नव्हतं, त्यामुळे माझ्या डोक्यात तो प्रश्न येत नाही, तुमच्या येतो. तळमजल्याला मीही घ्या म्हणणार नाही.

नोकरदार सून, तुमचं वाचून मी आमच्या घराकडे पाहिलं. दळायला मुलगा लावतो, पण झाडणं-पुसणं माझ्याकडे आहे, हे खरं. तरी मी एवढं म्हणेन, गिरणीच्या काळातही मोकळीक नव्हती. "आज दळण टाका" हे सांगणं, पुन्हा आठवण करणं, पीठ संपलं म्हणून ऐन वेळी भात लावणं, हेही बाईच्याच डोक्यावर होतं. ते आता गेलं. रात्री नऊला पीठ नाही असं दिसलं तरी जीव घाबरा होत नाही. माझ्यासाठी हे कमी नाही.

नोकरदार सून (कुपवाड)

डोक्यावरचं ओझं गेलं हे मानते. पण मग त्याच पैशात घरातल्या सगळ्यांचा भार हलका करणारं काही घ्यावं असं मला वाटतं. आम्ही कपडे धुण्याचं पूर्ण ऑटोमॅटिक यंत्र घेतलं. त्यात कपडे टाकून बटण दाबायला नवऱ्यालाही शिकवावं लागलं नाही. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये अर्ध्यातून पिळे उचलून दुसऱ्या भांड्यात टाकायला कोणीतरी उभं राहावं लागायचं, आणि ते "कोणीतरी" मीच होते. ज्या वस्तूजवळ उभं राहावं लागत नाही ती खरी सोयीची.

गिरणीवाल्याची लेक

माझ्या वडिलांची गिरणी आहे, त्यामुळे मी कोणत्या बाजूने बोलणार हे तुम्ही ओळखालच. तरी ऐका.

गिरणीत दगडावर दळतात. बहुतेक घरघंट्यांत दगड नसतो, फिरतं पातं दाणा फोडत राहतं आणि बारीक झालेलं जाळीतून खाली पडतं. दगडी पीठ हाताला वेगळं लागतं, आणि दाण्याप्रमाणे दगड जवळ-लांब करत भाकरीला हवं तसं पीठ काढणं हे माणसाचं कसब आहे. बाबा चिमूटभर पीठ अंगठ्याने चोळून बघतात आणि लगेच चक्र फिरवतात. मात्र दगडाला नुकती टाकी लावली असेल, म्हणजे छिन्नीने ठोकून तो खरखरीत केला असेल, तेव्हा सुरुवातीचं दळण कोणी घेऊ नये, कचकच लागते. चांगला गिरणीवाला ते स्वतःचं धान्य घालून काढून टाकतो.

दुसरं, गिरणीचं पीठ गरम असतं. लोक तसंच झाकण लावून ठेवतात, आत वाफ धरते आणि मग पीठ लवकर खराब झालं म्हणतात. घरी नेऊन परातीत पसरून निववा, मग डब्यात भरा. आणि डबाभर दळा असा नियम कोणी केलाय? आमच्याकडे दोन किलोही दळून देतात. उपवासाचं दळण बाबा एकादशीच्या आदल्या दिवशी वेगळं लावतात, आधी चक्की झाडून.

आमच्या गल्लीत घरघंट्या आल्यापासून रोजचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलंय. दिवाळीला चकलीची भाजणी आली की मात्र सगळे आमच्याकडेच येतात, कारण एवढं मोठं दळण घरी होत नाही. गिरणी वर्षभर चालली तरच दिवाळीला उघडी असेल, एवढं लक्षात असू द्या.

शाळूची भाकरी

दोन किलो दळून देणारी गिरणी आमच्या भागात असती तर मी कदाचित घरघंटीकडे वळले नसते. आमच्याकडे पाच किलोच्या आत डबा हातात घेत नाहीत. भाजणी आणि शेवयांचा गहू मी अजूनही बाहेरच देते आणि देत राहीन.

गावभागकर (सांगली)

एक विचार आला. आमच्या वाड्यात चार बिऱ्हाडं आहेत. वरच्या मजल्यावर सामाईक पडवी रिकामी आहे, तिथे २०१९ लाही पाणी पोचलं नव्हतं. चौघांत मिळून एक घेतली तर?

हिशेबी मिरजकर

मग माझं गणित बदलतं. चार घरांचं १२० किलो, किलोमागे ५ रुपये वाचले तर महिन्याला ६०० आणि वर्षाला ७,२०० रुपये. २० हजार तीन वर्षांच्या आत वसूल. दुरुस्तीला थोडे बाजूला टाका. अशी घेणार असाल तर माझा विरोध नाही.

नोकरदार सून (कुपवाड)

माझा आहे, एका अटीपर्यंत. चार घरांचं यंत्र झाडायचं कोणी, हे आधी ठरवा. नाहीतर वरच्या मजल्यावर जी राहते तिच्या गळ्यात पडणार.

गिरणीवाल्याची लेक

आणि घरगुती मोटर सलग तासन् तास चालवू नका, मध्ये थंड होऊ द्या. एका दिवशी चारही घरांचं दळण काढू नका. बाहेरच्यांचं पैसे घेऊन दळायचं असेल तर ते घरगुती वापरात बसतं का, हे आधी वीज कंपनीला विचारा.

गावभागकर (सांगली)

पैसे घेणार नाही, बिल चौघांत. प्रत्येक घराला आठवड्यातला एक वार, आणि ज्याचं दळण त्याच घरातल्या पुरुषाने झाडून ठेवायचं, असं लिहूनच लावतो. वरच्या काकूंना विचारून मगच पुढचं, कारण आवाज त्यांना सोसायचा आहे.