शब्दचर्चा : सीलिंगचा परवाना, पेटंटचं सीलिंग आणि ट्राउटची 'बॅग लिमिट'

कोरा कागद

दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटं आणि साउथ जॉर्जिया इथल्या ब्रिटिश वसाहतीचे जुने नियम मराठीत आणताना एकच शब्द वेगवेगळ्या वेशांत समोर येतो. सीलिंगचं लायसन्स म्हणजे सील मारायचा परवाना. पेटंटचं सीलिंग म्हणजे कागदावर मोहोर. मराठी वाचकाच्या डोक्यात तर आधीपासूनच आणखी तीन सीलिंगं बसलेली आहेत : 'त्यांची जमीन सीलिंगमध्ये गेली' हे एक, पालिकेने दुकान सील केलं हे दुसरं, आणि हॉलच्या छताचं पीओपी हे तिसरं. 'सीलिंगचे नियम' एवढंच लिहिलं तर निम्मे वाचक १९६१च्या शेतजमीन कमाल मर्यादेच्या कायद्यावर जाऊन पोचतील.

तेव्हा 'सीलिंग'ला काय म्हणावं? कायद्याच्या नावात 'सील फिशरी' असतं, पण सील मासा नाही, मग तिथे 'मासेमारी' चालेल का? आणि 'ऑर्डिनन्स'साठी 'अध्यादेश' लिहावा का? ट्राउट माशाच्या नियमांतले शब्दही अडतात, ते पुढे विचारते.

दक्षिणध्रुव

सगळ्यात आधी 'सील मासा' हा शब्द खोडा. बातम्यांत तो सर्रास येतो. सील सस्तन आहे, पिल्लाला दूध पाजतो, विणीला आणि कात टाकायला किनाऱ्यावर येतो. नियमांची सगळी रचना या किनाऱ्यावर येण्याभोवतीच आहे, त्यामुळे 'मासा' म्हटलं की पुढचं काहीच जुळत नाही.

'सीलिंग'साठी साधं 'सीलची शिकार' लिहा. परवाना असेल तर 'सील-शिकार परवाना', आणि तो जोडरेघेसकट.

प्राण्यांच्या नावांतही खड्डे आहेत. तिथले लोक नराला 'बुल', मादीला 'काऊ' आणि पिल्लाला 'पप' म्हणतात. यांत्रिक भाषांतरात याचं 'सील बैल', 'सील गाय' आणि 'कुत्र्याचं पिल्लू' झालेलं दिसतं. मराठीत नर, मादी, पिल्लू एवढं पुरे. 'रूकरी'ला 'विणीची वसाहत' म्हणता येईल, पण एकाच परिच्छेदात राजकीय वसाहतही असेल तर 'विणीचा किनारा' लिहा.

रापणकर

'फिशरी'बद्दल. इंग्रजी कायद्यात तो शब्द माशापुरता नाही. पाण्यातून काही काढून घेण्याचा हक्क आणि तो धंदा, असा त्याचा आवाका आहे. म्हणून सील फिशरी, व्हेल फिशरी, पर्ल फिशरी. आपल्याकडेही कोळंबी, खेकडा, तिसऱ्या, कालवं यांतलं काहीच शास्त्रानुसार मासा नाही, तरी सगळं मत्स्यव्यवसाय खात्याकडेच जातं. म्हणजे मराठी काही फार सोवळी नाही.

तरी 'सीलची मासेमारी' कानाला टोचतं, आणि अर्थही चुकतो. मासेमारी म्हटलं की जाळं किंवा गळ डोळ्यापुढे येतो. सील किनाऱ्यावर गाठून मारले जात. मी 'सीलमारी' सुचवेन. मासेमारीच्या वजनाचा शब्द आहे, धंदा हा अर्थ त्यात टिकतो आणि जाळं गळून पडतं. 'शिकार'मध्ये हौसेची, साहेबाच्या बंदुकीची छटा येते. इथे तर पिंपांच्या हिशोबाने तेल काढायचा कारखाना होता.

दक्षिणध्रुव

धंद्याचा मुद्दा मान्य. कायद्याच्या नावात 'सीलमारी' आणि वाक्यात 'शिकार' अशी वाटणी करता येईल.

कोरा कागद

आता 'क्लोज सीझन'. 'बंद हंगाम' लिहिलं तर हंगाम बंद पडला असं वाटतं.

रापणकर

याला किनाऱ्यावर तयार शब्द आहे : बंदीचा काळ, किंवा नुसतं 'बंदी'. राज्याच्या सागरी जलक्षेत्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. 'बंदी उठली' म्हटलं की बंदरावर कोणी अर्थ विचारत नाही. मात्र 'पावसाळी' हे विशेषण फॉकलंडला चिकटवू नका. आपल्याकडे बंदीला विणीबरोबर खवळलेला समुद्र हेही कारण आहे. तिथे एकच कारण, वीण.

दक्षिणध्रुव

आणि महिने उलटे, हे विसरू नये. फॉकलंडच्या १८८१च्या सील फिशरी ऑर्डिनन्समध्ये बंदी १ ऑक्टोबर ते १ एप्रिल. आपल्याला हे थंडीचे दिवस वाटतात. तिकडे तो वसंत आणि उन्हाळा, फर सीलची पिल्लं जन्मतात तो काळ. ट्राउटचं बरोबर उलट आहे. तो तिकडच्या हिवाळ्यात अंडी घालतो, म्हणून ट्राउटचा खुला हंगाम १ सप्टेंबर ते ३० एप्रिल आणि बंदी मे ते ऑगस्ट. भाषांतरात 'हिवाळी बंदी' लिहायचं असेल तर महिने शेजारीच द्या, नाहीतर वाचक डिसेंबर धरून बसेल.

कलम सहा

'ऑर्डिनन्स'ला 'अध्यादेश' लिहू नका. ही चूक शब्दाची दिसते, पण ती अर्थच बदलते.

आपल्याकडे अध्यादेश म्हणजे विधिमंडळ बसलेलं नसताना काढलेला तात्पुरता कायदा. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत तो संपतो. ही कल्पना १८६१च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टपासूनची आहे. त्यात गव्हर्नर जनरलला तातडीच्या वेळी ऑर्डिनन्स काढता येई आणि त्याचं आयुष्य जास्तीत जास्त सहा महिने. फॉकलंड, सिलोन, हाँगकाँग अशा क्राउन कॉलनींत, म्हणजे थेट ब्रिटिश राजसत्तेखालच्या वसाहतींत मात्र गव्हर्नरने कायदेमंडळाच्या सल्ल्याने केलेला नेहमीचा, कायम टिकणारा कायदाच ऑर्डिनन्स म्हणवला जाई. '१८८१चा अध्यादेश' वाचून मराठी वाचकाला वाटेल की तो सहा महिन्यांत बाद झाला असेल.

न्यूझीलंडला १८५४पासून स्वतःची संसद होती, म्हणून तिथे तेच काम 'ॲक्ट' करतो : १८६७चा सॅमन अँड ट्राउट ॲक्ट, १८७८चा सील फिशरीज प्रोटेक्शन ॲक्ट. त्यांना 'अधिनियम' बिनधास्त म्हणा. फॉकलंडसाठी 'वसाहतीचा कायदा' लिहा, किंवा 'ऑर्डिनन्स' तसाच ठेवून पहिल्या वेळी एका ओळीत खुलासा करा.

त्याखालची उतरंडही सांभाळा. कायद्याखाली केलेले ते नियम किंवा विनियम, राजपत्रात छापली जाते ती अधिसूचना, आणि गव्हर्नर सर्वांना उद्देशून काढतो तो जाहीरनामा. 'राणीचा जाहीरनामा' शाळेपासून कानावर असल्यामुळे हा शेवटचा शब्द अडणार नाही. 'लायसन्स'ला सरकारी मराठीत 'अनुज्ञप्ती' आहे. ती सरकारकडेच राहू द्या, 'परवाना' पुरे. फक्त परवाना आणि भाडेपट्टा एक करू नका. साउथ जॉर्जियात तळासाठी जमीन भाडेपट्ट्याने आणि सील मारायची मुभा परवान्याने, असे दोन वेगळे कागद होते.

दक्षिणध्रुव

साउथ जॉर्जियाचा विषय निघालाच आहे तर तिथले नियम नीट पाहू, कारण शब्द त्यांतूनच ठरतात.

ग्रिटविकेनचा तळ १९०४मध्ये नॉर्वेच्या सी. ए. लार्सनने उभारला, व्हेलच्या शिकारीसाठी. १९१०पासून तिथे हत्ती सील मारायची परवाना पद्धत नीट बसली. किनाऱ्याचे चार विभाग पाडले. दर वर्षी त्यांतला एक विभाग मोकळा सोडायचा, आळीपाळीने. फक्त पूर्ण वाढलेले नर मारायचे. वर्षाला कमाल ६,०००. नरच का? कारण एकेक थोराड नर बऱ्याच माद्यांचा कळप राखून असतो, बाकीच्या नरांना वीण मिळतच नाही. काही नर कमी झाले तरी पिल्लं तेवढीच जन्मतात. शिवाय हंगामाच्या सुरुवातीला किनाऱ्यावर चढलेल्या नराच्या अंगावर चरबीचा जाड थर असतो आणि तेल त्या थरातूनच निघतं.

'ब्लबर'ला 'चरबी' चालेल, पण ती कातडीखालची आहे हे एकदा सांगा. 'फ्लेन्सिंग' म्हणजे कातडीसकट तो थर सोलून काढणं. 'सोलणं' हा शब्द पुरेसा आहे. 'कातडी कमावणं' अजिबात नको, ती चांभारकामातली पुढची पायरी. हत्ती सील तेलासाठी मारत, फर सील कातड्यासाठी. 'फर'ला 'लोकर' लिहाल तर मेंढी येईल, आणि फॉकलंडमध्ये मेंढ्याही उदंड!

अडलं कुठे, तर ६,००० हा आकडा सगळ्या बेटाला मिळून होता. कुठल्या विभागातून किती, हे नियमात नव्हतं. बोटी सोयीच्या किनाऱ्यांवरच जात. १९४०च्या दशकाच्या अखेरीस आकडा वाढवला आणि थोराड नर कमी होऊ लागले. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लॉज यांनी सुळ्यांतले वाढीचे थर मोजून सीलचं वय काढायची पद्धत बसवली, आणि मारले जाणारे नर वयाने लहान होत चाललेत हे उघड झालं. १९५२पासून कोटा विभागवार वाटला. शिकार १९६४मध्ये थांबली.

कोरा कागद

म्हणजे 'कोटा'ला 'कमाल संख्या' म्हटलं तर ६,०००चा नियम बरोबर येतो, पण १९५२चा बदल कळत नाही. तिथे 'विभागवार वाटा' लिहावं लागेल. आणि मोकळा सोडलेला विभाग? मुळात 'रेस्टेड' आहे. 'विश्रांती दिलेला' फार दवाखान्यातलं वाटतं.

रापणकर

पड. 'यंदाचा पड विभाग'. शेतकरी रान पड टाकतो तेव्हा हेच करतो.

दक्षिणध्रुव

सुंदर. घेतला.

मोडीवाचक

आता पेटंटचं सीलिंग. पेटंट या शब्दाच्या पोटात 'उघडं' असा अर्थ आहे. राजाचं पत्र दोन प्रकारचं : एक घडी घालून मोहोरेने बंद केलेलं, ते खासगी, आणि दुसरं उघडं, खाली मोहोर लोंबणारं, सर्वांनी वाचावं असं. दुसऱ्याचं नाव लेटर्स पेटंट. म्हणजे इथली मोहोर बंद करण्यासाठी नाही, खरेपणा दाखवण्यासाठी आहे. म्हणून 'पेटंट सीलबंद केले' हे भाषांतर अर्थाच्या बरोबर उलट जातं. निविदा मोहोरबंद असते, पेटंट नसतं.

आपल्या जुन्या कागदांत ही विभागणी स्वच्छ आहे. शिक्का पत्राच्या माथ्यावर, मोर्तब अखेरीला. शिवकालीन पत्रांत शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा येते. तिच्यापुढे मजकूर नाही, कोणी घुसडायचा नाही. पेटंटचं सीलिंग हीही शेवटचीच पायरी : अर्ज, तपासणी, हरकती, आणि मग मोहोर. १८८३च्या ब्रिटिश कायद्यानंतर पेटंट ऑफिसची मोहोर राजमुद्रेइतकीच ग्राह्य ठरली. त्यामुळे 'पेटंटवर मोर्तब' हा शब्द अर्थाने आणि क्रमाने, दोन्ही बाजूंनी बसतो. फक्त 'शिक्कामोर्तब' टाळा, तो आता बातम्यांत 'नक्की झालं' एवढ्यावर झिजलाय.

कलम सहा

मोर्तबला अनुमोदन. पण छोट्या वसाहतींत तिसरीच गोष्ट असे. तिथे पेटंट द्यायचं कार्यालयच नव्हतं. ब्रिटनमध्ये मिळालेलं पेटंट तिथे नोंदवायचं, एवढाच कायदा. सिंगापूरच्या १९३७च्या कायद्यात ब्रिटिश पेटंट निघाल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करावा लागे. तेव्हा 'वसाहतीने पेटंट दिले' असं न लिहिता 'पेटंटची नोंद केली' लिहा. दिलं कोणी आणि नोंदवलं कोणी, यावर वाद झाले तर निकाल फिरतो.

भारताचा रस्ता निराळा. १८५६च्या कायद्यात पेटंट हा शब्द पुढे नव्हता, 'एक्सक्लुझिव्ह प्रिव्हिलेज' होता. आधी गव्हर्नर जनरलकडे अर्ज, परवानगी मिळाली की सहा महिन्यांत तपशील दाखल, मग १४ वर्षांचा हक्क. पहिला अर्ज ३ मार्च १८५६चा, कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंगचा, पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. पंखेवाल्याच्या पोटावर पाय, पण तो विषय वेगळा. राणीची आगाऊ मंजुरी न घेतल्यामुळे तो कायदा १८५७मध्ये रद्द झाला आणि १८५९मध्ये नवा आला. या काळासाठी 'अनन्य हक्क' लिहा. 'एकस्व' हा पेटंटसाठी नंतर घडवलेला सरकारी शब्द १८५६वर लादू नका. 'मक्ता'ही नको, त्यात सरकारला रक्कम भरून वसुली उचलण्याचा वास आहे.

कोरा कागद

शेवटी ट्राउट. रॉड अँड लाइन, फ्लाय, ओव्हा, फ्राय, बॅग लिमिट.

रापणकर

'रॉड अँड लाइन'ने मासे धरणं म्हणजे गरवणं. कोकणात गरी घेऊन गरवायला जातात. नियमात 'फक्त गरवून' लिहिलं की जाळं, पाग, भाला सगळे आपोआप बाहेर. 'फ्लाय'ला नुसतं 'माशी' लिहू नका, 'माशीने मासा' वाचताना जीभ अडखळते. ती गळावर पिसं आणि दोरा बांधून केलेली असते, म्हणून 'नकली माशी'.

'ओव्हा' म्हणजे अंडी. 'गाबोळी' नाही. गाबोळी माशाच्या पोटातली किंवा तव्यावरची, इथली अंडी फळलेली असतात. ब्रिटनहून १८६४मध्ये नॉरफोक जहाजातून टास्मानियाला गेली ती शेवाळात, बर्फाबरोबर, लाकडी पेट्यांत. तिथून पुढे १८६७मध्ये न्यूझीलंडला. आत पिल्लाचे डोळे काळे दिसू लागले की अंडं प्रवास सोसतं, त्याआधीच्या नाजूक दिवसांत हलवलं तर मरू शकतं. 'आइड ओव्हा'ला 'डोळे दिसणारी अंडी' म्हणा, 'डोळस' नको! पुढच्या टप्प्यांना मत्स्यखात्याचे शब्द उत्तम आहेत : मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली. फ्राय म्हणजे मत्स्यबीज.

'बॅग लिमिट'चं 'पिशवी मर्यादा' करू नका. मर्यादा सहाची असेल तर 'एका माणसाने एका दिवसात सहा', एवढंच लिहा.

दक्षिणध्रुव

एक धोका राहिला. फॉकलंडमध्ये ट्राउट दोन आहेत. ब्राउन ट्राउट बाहेरून आणलेला, १९४०-५०च्या दशकांत चिली आणि ब्रिटनहून. 'झेब्रा ट्राउट' मूळचा तिथलाच, पण तो ट्राउटच्या कुळातला नाहीच. अंगावर खवले नाहीत, आडवा धरला तर उभे पट्टे दिसतात, नाव वसाहतवाल्यांनी दिलेलं. ब्राउन ट्राउट पसरला तशी त्याची जागा आक्रसत गेली आणि १९९९च्या वन्यजीव कायद्याने तो संरक्षित आहे. तुमच्या मराठी नियमात 'ट्राउट दिवसाला सहा' एवढंच राहिलं तर झेब्राही त्या सहांत मोजला जाईल. 'ब्राउन' हा शब्द खाऊ नका.