मदत हवी आहे : पैठणीच्या दुकानासाठी तिरपा, जाड-बारीक रेषांचा फॉन्ट

काठपदर, पैठण
आमच्या दुकानाचे इंग्रजी नाव ‘प्लेफेअर डिस्प्ले’ या फॉन्टच्या इटॅलिकमध्ये, म्हणजे तिरप्या वळणात, बसवले आहे. त्यात जाड उभ्या रेषेतून केसासारखी बारीक रेषा निघते. तोच डौल मला मराठी नावात हवा आहे. देवनागरी अक्षरे तिरपी करून पाहिली, पण ती कलंडल्यासारखी वाटतात. परवा छपाईला द्यायचे आहे, तेव्हा कृपया थेट फॉन्टचे नाव सांगावे.

जुळारी, लातूर
छपाई कशावर होणार, ते आपण लिहिलेले नाही. पाटी, फ्लेक्स आणि खोके यांना एकच उत्तर लागू पडत नाही. ‘बोडोनी मोडा’ या इंग्रजी फॉन्टमध्ये 6 ते 96 पॉइंटांपर्यंत आकारानुसार बारीक रेषेची जाडी बदलते, कारण मोठ्या आकारासाठी घडवलेली रेषा लहान आकारात नीट उमटत नाही.

अक्षरवेल, नांदेड
‘रोझा वन’ घ्यावा. इंडियन टाइप फाउंड्रीचा हा फॉन्ट मोफत आहे, त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत आणि जाड-बारीक फरक ठसठशीत आहे. इटॅलिक त्यात नाही, पण थोडे तिरपे करून घ्यावे. आम्ही पत्रिकांना नेहमी करतो.

जुळारी, लातूर
यास माझी हरकत आहे. 1501 साली व्हेनिसमध्ये मुद्रक आल्डस मॅन्युशियसने इटॅलिकमध्ये पुस्तक छापले, तेव्हा फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरलेली ती अक्षरे भरभर लिहिणाऱ्या हाताच्या वळणाची होती, नुसती झुकवलेली नव्हती. आपल्याकडे भरभर लिहिण्याचे काम मोडी लिपीने केले, म्हणून देवनागरीत इटॅलिकची परंपरा घडली नाही. अक्षर तिरपे केले की शिरोरेखा आडवीच राहते आणि काना तेवढा झुकतो. कलंडल्याचा भास होतो तो त्यामुळेच.

गोदाकाठ, गंगाखेड
मग नाव मोडीतच का लिहू नये? 2014 पासून मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या सामाईक संकेतप्रणालीत, आहे. शिवाय आपली फाइल श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल, तर आधी ती युनिकोडमध्ये आणावी.

अक्षरवेल, नांदेड
बस्त्याला आलेल्या मंडळींना दुकानाचे नाव वाचता आले पाहिजे. मोडी येथे उपयोगाची नाही.

काठपदर, पैठण
माहिती अपुरी दिली, क्षमस्व. फाइल युनिकोडमध्येच आहे. नाव साडीच्या खोक्यावर, जांभळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी फॉइलने छापायचे असून त्याची रुंदी दीड इंच आहे. गेल्या वेळच्या खोक्यांवर ‘पैठणी’तल्या ‘ठ’चा गोल बारीक जागी तुटला होता आणि वेलांटीची कमान उमटलीच नव्हती. शंभर खोकी तशीच पडून आहेत, म्हणून घाई करतो आहे.

जुळारी, लातूर
हे आधी कळले असते तर बरे झाले असते. ‘रोझा वन’ चालेल, पण सरळच ठेवावा. तिरपेपणा इंग्रजी नावापुरता पुरे. सगळ्या अक्षरांना बाह्यरेषा देऊन जाडी वाढवू नये, कारण त्याने ‘ण’मधली पोकळी बुजते. वेलांटी, मात्रा आणि ‘ठ’ची बारीक जागा एवढीच हाताने भरावी. फॉइल छपाईचा ठसा (ब्लॉक) करण्यापूर्वी दीड इंचाचीच प्रत कागदावर काढून वेलांटी अखंड दिसते का, ते पाहावे. इंग्रजी नावाच्या बारीक रेषाही त्याच प्रतीत तपासाव्यात.