बेडकाचं ‘जैवरूपांतर’ म्हणावं का?

कोथरूड: औषधशास्त्रातल्या एका लेखाचा अनुवाद करतेय. टोडपासून मिळणाऱ्या संयुगांची कर्करोगविरोधी क्रिया आणि त्यांचं बायोट्रान्सफॉर्मेशन असा विषय आहे. मी मथळा दिला, ‘बेडकाच्या संयुगांचे जैवरूपांतर’. सातवीतल्या भाच्याने वाचून विचारलं, “मावशी, शेपूट गळून बेडूक होतो तेच ना?” आता काय करू?

सदाशिव पेठ: भाच्याची चूक नाही. रूपांतर म्हटलं की शाळेत बेडूक नाहीतर रूपांतरित खडक, दोनच आठवतात.
टोडला पुस्तकी शब्द ‘भेक’. संस्कृतात मात्र भेक म्हणजे कुठलाही बेडूक. बोलण्यात आपण वेगळा शब्द ठेवलाच नाही. पावसाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये दिव्याखाली येऊन बसतो तो खरखरीत, चामखिळी आल्यासारखा, तो भेक. डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात. शेजाऱ्यांच्या कुत्र्याने एकदा तोंडात धरला आणि तोंडाला फेस! त्या ग्रंथींतून येतं त्याला मी सरळ ‘चीक’ म्हणेन, रुईच्या चिकासारखा. चीनमध्ये तो वाळवून ‘चानसू’ नावाचं औषध करतात.

पाषाण: काका, उपमा रसायनातही बसते. रुईच्या चिकातही हृदयावर परिणाम करणारी, याच जातकुळीची द्रव्यं असतात. भेकाच्या चिकातली बुफालिन, सिनोबुफाजिन ही बुफाडायनोलाइडं. ‘बुफो’ म्हणजे लॅटिनमध्ये भेकच. गंमत अशी की नाव भेकाचं असलं तरी ही संयुगं गॅलरीतल्या पानफुटीतही सापडतात. म्हणून ताई, मथळ्यात ‘भेकजन्य’ हवंच.

ही संयुगं पेशीचा सोडियम-पोटॅशियम पंप अडवतात. प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मरतात, पण तोच पंप हृदयालाही लागतो. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर थोडंच. मग संयुग चंबूत म्युकरसारख्या बुरशीला देतात (हो, करोनात ऐकलेल्या ‘म्युकरमायकोसिस’च्या नावातली म्युकर). तिची विकरं (एन्झाइम) रेणूवर कुठे एखादा हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, बसवतात, आणि नव्या रेणूचा विषारीपणा, परिणाम पुन्हा तपासतात. इथे जीव बदलत नाही, जीव बदल घडवतो. ‘जैवरूपांतर’मधून हा कर्ताच दिसत नाही. ‘बुरशीकरवी रेणुबदल’ म्हणा. ‘करवी’ हा छोटासा शब्द सगळं काम करतो.

सदाशिव पेठ: आणि ‘कर्करोगनाशक’ कुणी सुचवलं तर ऐकू नका.

पाषाण: अजिबात नको. भेकाच्या वाळवलेल्या कातडीपासून केलेलं ‘हुआचानसू’ स्वादुपिंडाच्या कर्करोगात जेमसिटाबिन या केमोथेरपीच्या औषधाच्या जोडीला देऊन पाहिलं, तर रुग्णांचं आयुष्य काही वाढलं नाही. ‘कर्करोगविरोधी क्रिया’ एवढंच ठीक.

कोथरूड: मग असं: ‘भेकजन्य संयुगांची कर्करोगविरोधी क्रिया आणि त्यांतील बुरशीकरवी रेणुबदल’. आत मजकुरात चीकच लिहितेय. संपादिकाबाई त्याचा ‘स्राव’ करणार हे माहीत आहे, तरी पाठवताना चीकच पाठवते.