हातात धरायचा लिंट-रोलर: केस उचलतो, पण डब्यात टाकत नाही

त्रिज्या
चिकट कागदाशिवाय चालेल असा, सोफ्यावरचे आणि कोटावरचे केस-तंतू काढणारा रोलर थ्रीडी प्रिंट करून बनवतोय. सध्याची रचना अशी: रोलरचा बाहेरचा व्यास ४० मिमी, लांबी १०० मिमी, आणि त्याला पूर्ण वेढा देऊन झुकत्या लवेचं कापड चिकटवलंय (एका बाजूने हात फिरवला की गुळगुळीत, उलट फिरवला की अडतं ते). रोलर शाफ्टवर मोकळा फिरतो. वर डबा आणि डब्याच्या तोंडाशी रबराची पट्टी. पुढे ढकलताना थोडे केस येतात, मागे ओढताना तेच परत सोफ्यावर. डबा रिकामाच राहतो. शाफ्टच्या टोकांना केसही गुंडाळले जातात. लव बदलू, रबर बदलू, की मूळ रचनेतच अडचण आहे?

खटका
मूळ रचनेत. मोकळा रोलर सोफ्यावर लोळतो, घासत नाही. जिथे तो टेकतो तिथे लव आणि सोफा एकमेकांवर जवळपास सरकतच नाहीत, आणि झुकती लव उलट बाजूने घासली गेली तरच केस पकडते. तेव्हा रोलरला पूर्ण फिरू देऊ नका. ठरावीक कोनात पलटू द्या आणि दोन्हीकडे स्टॉपरने अडवा. अडला की लव घासू लागते.

तुमचाच ४० मिमी व्यास धरून मापं देतो. बॉडीच्या तोंडातून रोलर ४ मिमी बाहेर ठेवा. म्हणजे तोंडाची रुंदी २४ मिमी होते आणि रोलरचा खालून दोन्हीकडे सुमारे ३७ अंशांचा भाग उघडा राहतो. पूर्ण वेढ्याऐवजी कापडाच्या दोन पट्ट्या लावा, प्रत्येक २८ मिमी रुंद, मध्ये २ मिमीची फट. स्टॉपर असे बसवा की फट मधल्या जागेपासून दोन्ही बाजूंना ४३ अंश जाईल. पुढे ढकलताना पुढची पट्टी खाली येते, मागे ओढताना ती पुढच्या कडेवरून आत जाते आणि मागची पट्टी खाली येते. दर पलटीला ३० मिमी हालचाल वाया जाते, त्यामुळे हात किमान १२–१५ सेंमी लांब मारायला हवा. जागच्या जागी खरडून काही निघणार नाही.

सगळ्यात नाजूक गोष्ट लवेची दिशा. दोन्ही पट्ट्यांची लव मधल्या फटीपासून बाहेर झुकलेली पाहिजे. फटीकडून बाहेर बोट न्या, मऊ लागलं पाहिजे. बाहेरून फटीकडे आणा, अडलं पाहिजे. असं असेल तर पट्टी आत जाताना वायपर (तोंडाच्या कडेला लागणारी, लवेवरून केस खरवडणारी रबरी पट्टी) लवेच्या उलट जातो, लव केस सोडत नाही. बाहेर येताना तोच वायपर लवेच्या सुलट जातो आणि केस आतच गळतात. पट्ट्या उलट चिकटवल्या तर केस मुळात पकडलेच जात नाहीत, आणि जे चुकून अडकतात ते वायपर बाहेरच ओरबाडतो.

वायपर पुढच्या आणि मागच्या, दोन्ही कडांना लागेल. ०.८ ते १ मिमी जाडीचा सिलिकॉन किंवा टीपीयू (रबरासारखं लवचीक प्लास्टिक), मोकळी धार ३–४ मिमी, बॉडीच्या आत झुकलेली. लवेत ०.३ ते ०.५ मिमी रुतू द्या. त्याहून जास्त रुतला तर रोलर पलटायला जड जातो आणि केसांचा गोळा कडेच्या बाहेरच साचतो. मोकळी धार फार लांब ठेवली तर वायपर बाहेर उलटतो आणि मग सगळंच उलटं चालतं.

सूतकाम
खटका यांच्या मापांना धरून कापडाबद्दल.

कापडाची जाडी धरून कोअर (कापडाच्या आतला रोलरचा गाभा) प्रिंट करा. पाठीसकट कापड १.२ मिमी भरत असेल तर कोअर ३७.६ मिमी. कापताना कात्री नको. मागच्या बाजूने पातळ पात्याने फक्त पाठ कापा, म्हणजे काठाची लव तुटत नाही. तुटलेली लव पहिल्या वापरात स्वतःच कचरा बनून डब्यात येते आणि काठ टकला पडतो.

दुहेरी टेप इथे टिकत नाही. दर पलटीला पट्टी आडवी ओढली जाते, टेप हळूहळू सरकतो आणि काठ उचलला जातो. उचललेला काठ वायपरमध्ये अडकला की पट्टी सोलली जाते. रबर-बेस्ड काँटॅक्ट अॅडेसिव्ह दोन्ही बाजूंना लावा, हाताला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्या, मग दाबा. कोअरला प्रत्येक पट्टीच्या बाहेरच्या काठाशी १.५ मिमी रुंद, ३ मिमी खोल खाच ठेवा आणि कापडाचा काठ आत दुमडा. त्यासाठी पट्टी तेवढी जादा कापा.

त्रिज्या
लोळणं आणि घासणं यातला फरक लक्षात आला, आभार. एक शंका. दिशा बदलली की खाली असलेली पट्टी सुलट्या लवेने सरकणार, म्हणजे तिला पकडच नाही. मग रोलरला पलटवणार कोण? गुबगुबीत सोफ्यावर चालेलही, पण टेबलावर पसरलेल्या कोटावर?

खटका
बरोबर जागी बोट ठेवलंत. बरेच नमुने इथेच फसतात.

पलटवायचं काम लवेवर सोडू नका. कोअरच्या दोन्ही टोकांना खाच करून २.५ मिमी जाडीची ओ-रिंग (रबराची गोल कडी) बसवा, जरा ताणून, म्हणजे खाचेत घसरणार नाही. रिंग लवेच्या टोकांपेक्षा ०.३ मिमी उंच असू द्या. ०.५ च्या वर गेली तर कडक पृष्ठभागावर लव टेकतच नाही. कापड ९२ मिमीवर थांबवा आणि वायपरही तेवढाच कापा, रिंगवर घासला तर रोलर जाम होईल. रोलर स्टॉपरला टेकल्यावर रिंग सोफ्याच्या किंवा कोटाच्या कापडावर घसरते, म्हणून ती अरुंदच हवी.

शाफ्टसाठी ४ मिमी स्टीलची सळई, भोक ४.३ मिमी. स्टॉपरवर १ मिमी फेल्ट चिकटवा. नाहीतर दर हाताला खट्ट आवाज येतो आणि प्रिंटचे थर तिथूनच सुटतात. प्रिंट करताना भाग असा ठेवा की स्टॉपरवरचा धक्का थर एकमेकांपासून सोडवणार नाही. बॉडी पीएलएची (थ्रीडी प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक) असेल तर उन्हातल्या गाडीत ठेवू नका. साधारण ६० अंशांना ती मऊ पडते, आणि तोंडाची रुंदी एकदा बदलली की वायपरचं माप गेलंच.

टोकांना केस गुंडाळण्याचा त्रास अशा डोलत्या (ठरावीक कोनात पलटणाऱ्या) रोलरमध्ये बराच कमी होतो, कारण पूर्ण फेरा होतच नाही. तरी रोलरच्या टोकाशी एक कॉलर (गोल उभी कड) द्या, जी बाजूच्या भिंतीतल्या गोल खाचेत १.५ मिमी शिरेल. केसाला शाफ्टपर्यंत सरळ वाट मिळता कामा नये. भिंत स्क्रूने सुटणारी ठेवा, साफ करताना हात जातो.

पिंजण
सोफ्याच्या सांध्यातली वाळू, पावाचे कण असा कचराही काढायचा असेल तर हे यंत्र त्यासाठी नाही. लव केस आणि तंतू धरते. जड कण तिच्याखालून निसटतात. त्याला ०.१५–०.२ मिमी नायलॉनच्या केसांचा, पूर्ण फिरणारा ब्रश लागतो आणि तो चाकांनी फिरवावा लागतो.

तिथेही सरकण्याचाच हिशेब. ब्रश चाकाच्याच दिशेने, चाकाच्याच परीघवेगाने फिरवला तर तो पुन्हा नुसता लोळतो. चाकाचा रबरी काठ थेट ब्रशच्या ड्रमला टेकवला तर ब्रश उलटा फिरतो, खालची टोकं पुढच्या दिशेने झाडतात आणि त्यांचा घासण्याचा वेग हाताच्या वेगाच्या जवळपास दुप्पट होतो. कचरा पुढे उडतो, म्हणून डबा पुढे हवा. तोंडाची पुढची कड कापडापासून २ मिमीच्या वर ठेवू नका, नाहीतर कण तिच्याखालून निघून जातात. अशा ब्रशवर मात्र लांब केस गुंडाळले जाणारच. ड्रमवर लांबीभर एक उथळ सरळ खाच ठेवा, म्हणजे त्यात पातं घालून केसांचा वेढा एका फटक्यात कापता येतो.

दोन्ही कामं एका रोलरवर बसवू नका. केसांसाठी डोलता, कणांसाठी फिरता, आणि मूठ सामायिक ठेवून डोकं बदलता येईल असं करा.