चर्चच्या हॉलमधली लेखकभेट: तुमचे अनुभव सांगा

धागा काढणारी, नौपाडा
मैत्रिणीने ओढत नेलं म्हणून परवा एका चर्चच्या हॉलमध्ये लेखकाच्या गप्पांना गेले. ठाण्यात तीस वर्षं काढली, तलावपाळीला हजार चकरा मारल्या, पण चर्चच्या फाटकाच्या आत पाऊल पहिल्यांदाच. चपला काढायच्या की नाही, इथूनच गोंधळ. (काढल्या. मग एकटीच अनवाणी.) विषय होता फादर टॉमस स्टीफन्स. हा इंग्रज जेझुइट (येशूसंघाचा धर्मगुरू) गोव्यात आला, मराठी शिकला आणि सुमारे 11 हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' रचलं! 1616 साली छापलं तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. वक्ते एका ओवीत अडखळले, तर मागच्या रांगेतल्या आजींनी ती पारायणाच्या चालीत पुरी केली. पुढे दोन मिनिटं फक्त पंख्याचा आवाज. तुमचे अनुभव लिहा ना.

चरईकर
मी खुर्च्या लावणाऱ्यांतला. एकदा लेखकमहाशय घोडबंदर रोडला अडकले, सहाचे साडेसात झाले. फादर उठले, म्हणाले, शेवटचं वाचलेलं मराठी पुस्तक एकेकाने सांगा. बरेच जण एकदम चहाच्या किटलीकडे बघायला लागले. मीही.

वाशी, सेक्टर सांगत नाही
आमच्याकडे मल्याळी, तमिळ, कोकणी सगळे. मराठी लेखिका आल्या तेव्हा इंग्रजीत सांगायचं काम माझ्या गळ्यात. 'माहेर' शब्दाला गाडी अडली. 'आईचं घर' म्हणून वेळ मारून नेली, पण लेखिकेचा चेहराच पडला. तेवढ्यात एक मल्याळी काकू हळूच म्हणाल्या, "कोट्टयम." त्यांचं माहेर! त्यानंतर मी भाषांतर बंदच केलं, बायकाच एकमेकींना सांगत बसल्या.

ईस्ट इंडियन, ठाणेच
कार्यक्रम झाला की कोणीतरी येऊन म्हणतंच, "तुम्ही मराठी छान बोलता हो!" अहो, आम्ही ईस्ट इंडियन म्हणजे इथलेच मराठी बोलणारे ख्रिस्ती, घरात दुसरं काय बोलणार? 2020 ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्याही निवडीला विरोध झालाच. त्या वर्षी आमच्या हॉलमध्ये याच विषयावर गप्पा ठेवल्या होत्या. बायबलबद्दल एक प्रश्न आला असेल नसेल, बाकी सगळा वेळ बोलीवर वाद. माझ्या आत्याने तर प्रमाणभाषेत बोलायला चक्क नकार दिला. शेवटी फुगे आले तेव्हा लोक गप्प बसले.

धागा काढणारी, नौपाडा
फुगे?

ईस्ट इंडियन, ठाणेच
खायचे. पीठ यीस्टने फुगवायचं, मुठीत धरून अंगठ्याजवळून पिळायचं आणि गरम तेलात गोळा सोडायचा. आणि ताई, पुढच्या वेळी चपला घालूनच या. सोबत यजमान असतील तर त्यांची टोपी तेवढी काढायला सांगा.