अनुभव धागा: तुमचं वाद्य परदेशात ऐकलं गेलं, त्यात कुणाची साथ होती?

सुरुवात मी करतो. परभणीकडचा गोंधळी, संबळ आजोबांपासून घरात. 2020 ला लॉकडाऊन लागलं नि जागरण-गोंधळ, लग्नं, जत्रा सगळंच बसलं. तेव्हा लंडनच्या मराठी लोकांसाठी झूमवर पहिला कार्यक्रम धरला, घरी आधी ट्रायल घेतली तर पलीकडे नुसती टकटक, मधेच एकदम शांत, मला तर रडूच आलं. कोल्हापूरच्या हलगीवाल्या दादांना फोन लावला. ते म्हणाले, "अरे, झूमला आपलं वाजवणं गोंगाट वाटतं, ते कापून टाकतंय. सेटिंगमधे ओरिजिनल साउंड चालू कर आणि मोबाईल चार हात लांब उशीवर ठेव." तेवढ्यानं आकडी (संबळ वाजवायची वाकडी काठी) पडल्यावरचा घुमारासुद्धा पोचला. दादांची तोंडओळखही नव्हती हो, एका व्हॉट्सॅप ग्रुपवरचे आम्ही.

तुमचंही लिहा, बारीकसारीक सगळं लिहा, नवीन पोरांना तेच लागतं.

ढोलकीवाला, नारायणगाव
माझं पैशाचं. परदेशातल्या मंडळानं "एक्स्पोजर मिळेल" म्हणून फुकट बोलावलं, मी हो म्हणणार होतो. ग्रुपवरच्या एका जुन्या शाहिरांनी तिथल्या तिथं थांबवलं, निम्मे पैसे आधी घे म्हणाले, मेसेजपण त्यांनीच लिहून दिला. मिळाले पैसे.

गायिका, सोलापूर
आईकडून आलेली गवळण मी युट्युबवर टाकली, दोन दिवसांत एका कंपनीचा कॉपीराइट क्लेम. चाल पारंपरिक, गळा माझा, आणि क्लेम त्यांचा! मी घाबरून व्हिडिओ काढायलाच निघाले होते. पुण्याच्या एका ताईनं (तीपण भारूडं गाते) रात्री स्क्रीन शेअर करून डिस्प्यूट भरून घेतला, समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात हेपण तिनंच सांगितलं. क्लेम सुटला. इंग्लिश सबटायटलपण तिचेच, "पेंद्या" कसं लिहायचं यावर आम्ही तासभर बोललो, शेवटी पेंद्याच ठेवला, खाली एक ओळ लिहिली कृष्णाचा सवंगडी म्हणून.

न्यू जर्सी, हौशी ढोलकी
आमच्या रात्री नऊला सोलापूरच्या एका पार्टीची शिकवणी असायची, उन्हाळ्यात तिकडे सकाळचे साडेसहा. नोव्हेंबरात इकडे घड्याळं मागे गेली आणि सांगायचं आमच्याकडून राहून गेलं. सगळी पार्टी फेटे बांधून तासभर बसून राहिली. फार वाईट वाटलं. आता घड्याळ बदलायच्या आठवडाभर आधी मीच सगळ्यांना मेसेज टाकतो, इतर मंडळांच्या कलाकारांनासुद्धा.

जव्हार
माझे बाबा तारपा वाजवतात. सुका दुधी, बांबू, पुढं ताडाच्या पानांचा कर्णा, सगळं मेणानं जोडलेलं. भातकापणीच्या दिवसांत रात्रभर नाच चालतो, श्वास तुटू द्यायचा नाही. डांगकडच्या एका पावरीवाल्या (पावरी म्हणजे तारप्यासारखंच वाद्य) भावानं आमचा व्हिडिओ परदेशी पाईपवाल्यांच्या ग्रुपवर टाकला, आम्हाला तर विचारूनच टाकला, तेही खूप झालं. तिथं इटलीतल्या सार्डिनिया बेटावरच्या माणसानं स्वतःचा व्हिडिओ पाठवला, लाउनेड्डास म्हणून तीन नळ्यांचं वाद्य, तोही श्वास न तोडता वाजवतो. बाबांनी लागोपाठ तीनदा बघितला. मग म्हणाले, "याचे गाल बघ, आपल्यासारखेच फुगतात." आणि लगेच तारपा काढून त्याला उत्तर वाजवलं.