तळ्याकाठी तंबू लावला आणि रात्रभर कुडकुडलो, चुकलं कुठं?

धागाकर्ता:
मंडळी, दहा-बारा दिवसांपूर्वी आम्ही दोघं चार दिवसांची भटकंती करून आलो. सगळं सामान पाठीवर. तिसरा मुक्काम ३,६०० मीटरवरच्या तळ्यापाशी. तीन बाजूंना कडे, चौथीकडे हिमनदीनं आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा बांध. पाण्यापासून दहा पावलांवर हिरवळीचा सपाट तुकडा होता, आधी कुणीतरी दगडही मांडून ठेवलेले. म्हटलं, जागा तयारच आहे.

संध्याकाळी वारा पडला, आभाळ निरभ्र. पहाटे तीनला जाग आली ती तोंडावर थेंब पडल्यानं. बाहेर पाऊस नव्हता, तंबूलाच आतून घाम फुटलेला. स्लीपिंग बॅग पायाकडून ओलीगच्च. बॅगेवर उणे ५ लिहिलंय, तरी दात वाजत होते. सकाळी गॅसही नुसता फुरफुरत राहिला, अर्धं कॅनिस्टर भरलेलं असून. रात्रभर सॅकच्या बाहेरच्या खिशात राहिलेल्या फिल्टरमधून पाणी मात्र नेहमीपेक्षा भराभर आलं, तेवढंच काय ते बरं झालं.

आता बॅग बदलू की तंबू?

प्रतिसाद १:
काहीच बदलू नका, जागा बदला. निरभ्र, बिनवाऱ्याच्या रात्री उतारांवरची हवा गार होऊन जड होते आणि ओघळत खाली येते. तुमचं तळं म्हणजे वाडगं, आणि तुम्ही त्याच्या तळाशी झोपलात.

मी स्वतः हा मार खाल्लाय. अशाच एका तळ्याकाठी झोप लागेना, म्हणून सॅकला लटकवलेला छोटा थर्मामीटर घेऊन उठलो. तंबूपाशी उणे ४. बांधावर चढू लागलो. मध्येच जाणवलं की पोटऱ्या गारठल्यात, पण गालाला हवा तितकी झोंबत नाही. जणू थंड पाण्यातून चालत बाहेर येतोय. माथ्यावर पोचलो, जेमतेम २५ मीटरचा चढ, तिथं पारा १ वर. तंबू तिथं का नाही लावला, तर खालून फोटो चांगला येत होता म्हणून!

शिवाय पाणी आणि ओली हिरवळ, त्यामुळे हवेत दमटपणा. त्यात दोघांचा श्वास, आणि थंडी वाजते म्हणून दारं बंद केली असणार. तो ओलावा गार कापडावर बसला आणि ठिबकला. वरची झडप आणि दाराची वरची फट उघडी ठेवायची, कितीही जिवावर आलं तरी. आणि बॅगेवरचा आकडा बरेचदा 'कशीबशी रात्र निघेल' या मर्यादेचा असतो, सुखाच्या झोपेचा नव्हे.

मांडून ठेवलेले दगड म्हणजे आमंत्रण नाही, बरं का. त्या उंचीवर वाढीचे दिवस मोजकेच, तुडवलेली हिरवळ सावरायला वर्षं लागतात. पाण्यापासून निदान ६० मीटर लांब, उघड्या खडकाळ मातीवर. भांडी धुवायलाही तेवढंच लांब, साबण 'नैसर्गिक' असला तरी.

प्रतिसाद २:
गॅसचं सोपं आहे. कॅनिस्टरमध्ये साधं ब्यूटेन जास्त असेल, तर गारठ्यात त्याचा पुरेसा वायूच होत नाही. आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या आणि कॅनिस्टर रात्री बॅगेत, पायाशी ठेवा. तंबूत शेगडी पेटवून ऊब घ्यायचा विचारही नको.

धागाकर्ता:
@१, फोटोचं अगदी खरं, आमचंही तेच! पण बांधावर वारा नाही का झोडपणार?

प्रतिसाद १:
झोडपतो की. म्हणून अगदी माथ्यावर नाही, एखाद्या मोठ्या दगडाच्या आडोशाला. फक्त वर घळ नाही ना, दगड सुटून यायची जागा नाही ना, ते उजेडात बघून घ्या.

प्रतिसाद ३:
सगळे तंबूवर बोलताय, मला त्या फिल्टरची काळजी वाटतेय. पोकळ तंतूंचा होता का? तंतूंत अडकलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि त्यांना तडे जातात. बाहेरून काही दिसत नाही. पाणी एकदम भराभर यायला लागलं, तर ती आनंदाची गोष्ट नाही, ते गाळलं न जाताच येत असू शकतं. तो फिल्टर टाकून द्या. पुढच्या वेळी तोही बॅगेत, तुमच्या अंगाशी. नाहीतर पाणी उकळा: २,००० मीटरच्या वर ३ मिनिटं खळखळू द्यायचं. तुमच्या उंचीवर ते साधारण ८८ अंशांनाच उकळतं, पण जंतू मारायला तेवढं पुरतं.

पोट ठीक आहे ना दोघांचं? जिआर्डिया, म्हणजे दूषित पाण्यातून पोटात जाणारा परजीवी, त्याचा त्रास लगेच दिसत नाही, एक ते तीन आठवडेही लागतात.

धागाकर्ता:
पोकळ तंतूंचाच होता. हे वाचून सोबत्याला फोन लावला. परवापासून त्याचं पोट बिघडलंय आणि तो माझ्या स्वयंपाकाला शिव्या घालतोय. डॉक्टरांना तळ्याच्या पाण्याचं आवर्जून सांग, म्हटलंय. मी अजून ठणठणीत आहे, पण आजपासून दिवस मोजतोय.